पोट सुटलेल्या भिंतीचं म्हणणं

मी भिंत बोलतेय. ब्रॅकनेलजवळच्या एका इंग्लिश खेड्यात चर्चच्या दफनभूमीला धरून तीनशेहून जास्त वर्षं उभी आहे. गारगोट्या, विटा आणि चुना, एवढंच माझं अंग. एका बाजूला मेलेले, दुसऱ्या बाजूला शाळेत जाणारी पोरं. आता कंटाळा आलाय.

मला टेकून लोकांनी पाइप ओढले, भांडणं केली, लग्नंही जमवली. डागडुजीची आठवण मात्र क्वचितच कुणाला झाली.

२००५ साली पद्माकर शेजारच्या घरात राहायला आला. साताऱ्याकडचा, ब्रॅकनेलला आयटीत नोकरी. वडील काय करतात असं कुणी विचारलं, की 'कन्स्ट्रक्शनमध्ये आहेत' म्हणून विषय बदलायचा. गावाने आपलं म्हणावं, म्हणून बिचाऱ्याची केवढी धडपड! माझे सांधे पोकळ झालेले पाहून त्याने चर्चच्या मार्गारेटबाईंना विचारलं आणि दोन शनिवार खपून सगळीकडे सिमेंट भरलं. बाईंनी केक आणून दिला. मी मात्र आतल्या आत गुदमरले.

चुना पाणी पितो तसं सोडूनही देतो. सिमेंटने ते कोंडून ठेवलं. दोन-तीन हिवाळ्यांत विटांचे पापुद्रे सुटले आणि रस्त्याकडे सुटलेलं माझं पोट सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं. चर्चच्या समितीने मला पाडायचं ठरवलं.

त्याच उन्हाळ्यात पद्माकरचे वडील आले. रघुवीर, हाडाचे गवंडी. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला.

"हे सिमेंट कुणी भरलं रे?"

"मीच, बाबा. हेल्प करायची होती."

त्यांनी नखाने एक सांधा खरवडून पाहिला. मग म्हणाले, "बापाला एक फोन करायचास."

दुसऱ्या दिवशी पद्माकर समितीपुढे उभा राहिला. माझे वडील गवंडी आहेत, त्यांना न विचारता मी हे केलं, चूक माझी आहे, आम्हाला हा उन्हाळा द्या, असं त्याने खाली मान घालून सांगितलं. समितीने दिला.

आता रस्त्याकडे अडथळे लावून बापलेक दर शनिवारी छिन्नीने सिमेंट काढतात, चुना भरतात. प्रत्येक घाव जिव्हारी लागतो. खरं तर मला पाडलं असतं तर सुटले असते. पण सिमेंटचा एकेक तुकडा निघाला की हा मुलगा हळूच 'सॉरी' म्हणतो, आणि मला पडवत नाही.

माझं पोट त्याच्या आजोबांच्या जन्माआधीच सुटलं होतं हो. सिमेंट नसतं तरी पुढेमागे मी गेलेच असते. हे त्याला सांगायला मला तोंड नाही. तुम्ही त्या रस्त्याने गेलात, तर एवढं त्याच्या कानावर घाला. तोवर मी उभी राहते.