नंदाबाईची आरोळी

वडीगोद्रीच्या शिवारात नंदाबाईच्या आरोळीला पाखरं तर भ्यायचीच, सोयरेधायरेही दचकायचे. पण दिवाळीत घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. मागे राहिली नुसती कुजबूज. आता ज्वारी हुरड्यात आलेली आणि राघूंचे थवे खुशाल कणसांवर बसलेले. नवरा पुंजाराम पत्रा बडवून थकला, पण राघू त्याला जुमानत नव्हते.

ती आरोळी आता एकाच जागी शिल्लक होती, लेकीच्या जुन्या एमपीथ्री प्लेअरमध्ये. बेबीनं लग्नाआधी गंमत म्हणून ती त्यात भरून घेतली होती. पण त्याची बॅटरी फुगून कामातून गेलेली. मोबाइलच्या दुकानदारानं तो हातातसुद्धा घेतला नाही. "फेकून द्या मावशी, नवा घ्या," म्हणाला. नंदाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. नव्यात तिचा आवाज कोण भरणार होतं?

घरी येऊन तिनं स्वतःच त्याचे स्क्रू काढले. पुंजारामच्या बंद पडलेल्या मोबाइलची बॅटरी कोनाड्यात होती आणि तिच्यावरचा व्होल्टचा आकडा बरोबर जुळत होता. आतल्या दोन्ही वायरी मात्र काळ्याच निघाल्या. अधिकच्या खुणेकडच्या वायरीला तिनं कुंकवाचं बोट लावून ठेवलं. बॅटरी काढल्यावर आवाजच पुसला गेला तर? तरी तिनं वायरी तोडल्या.

पुंजारामनं डाग द्यायची सोल्डरगन तापवली आणि हाताला येईल ती वायर उचलून बॅटरीच्या अधिकला टेकवली.

"अहो, ती दुसरीकडची," ती कुजबुजली.

"काय फरक पडतो? विहिरीवरची मोटार उलटी फिरली की दोन वायरी बदलतोच ना आपण? हे बी उलटं चाललं तर बदलू."

ओरडायची सोय नव्हती, म्हणून तिनं त्याच्या मनगटावर सणसणीत चापट मारली.

"ही मोटार न्हाई. बेबीचा रेडिओ असाच जाळला तुम्ही. हे जळलं तर मंग माझा आवाज कुठून आणणार?"

पुंजारामनं गुपचूप कुंकवाची वायर अधिकला लावली. बॅटरी काही आत मावेना. तिनं ती बाहेरूनच सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधली आणि बटण दाबलं. बारीकसा निळा दिवा लागला. नंदाबाईनं त्याला हात जोडले.

सकाळी तिनं प्लेअर ट्रॅक्टरच्या टेपला जोडला.

"हाऽऽऽ हुर्रर्रऽऽ!"

अख्खा थवा एका झपाट्यात उठला. नंदाबाईच्या अंगावर काटा आला. हा तिचाच आवाज होता, खणखणीत, शिवारभर घुमणारा. तिचे डोळे भरून आले आणि ती हसतही होती.

शेजारच्या रानातला सर्जेराव धावत बांधापर्यंत आला. "वैनी! आवाज आला काय वापस?"

"आला," ती म्हणाली. एवढ्या लांबून त्याला ते काय ऐकू जाणार? तिनं टेपचं आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत पिळलं आणि आरोळी पुन्हा लावली. या वेळी सर्जेरावाच्या रानातलेही राघू उठले.