अननसाची किनार

त्या शनिवारी थिएस शहरातल्या आपल्या शिंपीकामाच्या दुकानात वाली न्गोम नेहमीसारखे स्टुलावर चढले आणि मुलीच्या डोक्याला टेप लावली.

"बाबा, माझी वाढ कधीच थांबलीय. मी एकवीस वर्षांची आहे."

"ते टेप सांगेल."

टेप म्हणाली, एक मीटर एक्क्याण्णव. गेली तीन वर्षं ती हेच म्हणत होती. तरी वालींनी आकडा वहीत लिहिला आणि शिंपी लोक उंच गिऱ्हाइकाकडे बघतात तसं सिगाकडे बघितलं. ते स्वतः दीड मीटरच्या थोडेसेच वर होते.

"उतर खाली, पडशील," बाकावरून लान्साना साम्बू म्हणाला. चहाचा तिसरा पेला त्याच्या हातात होता. "पोरगी उंच झाली ती आईच्या घराण्यामुळे. तू नुसतं कापड पुरवलंस."

"गुलामानं मालकाच्या मुलीबद्दल बोलू नये."

"मालक! मूठभर बाजरीवर वाढलेला मालक! म्हणून तर स्टूल लागतं."

न्गोम सेरेर जमातीचे आणि साम्बू जोला जमातीचा. दोन्ही जमातींच्या मूळ आज्या म्हणे सख्ख्या बहिणी, त्यामुळे एकानं दुसऱ्याला गुलाम म्हणायचं, दुसऱ्यानं त्याच्या खाण्यावर घसरायचं, आणि रागवायचं कुणीच नाही, असा कायदा. हे दोघे तीस वर्षं तो इमानानं पाळत होते. साम्बूनंच सिगाला दहाव्या वर्षी शाळेच्या मैदानात बास्केटच्या खाली उभं केलं होतं. "चेंडू वर गेला की हात वर कर," एवढंच शिकवलं होतं. पुढची सगळी कारकीर्द त्या एका वाक्यावर उभी होती.

कारकीर्द म्हणजे सहा आठवडे. राजधानी डाकारच्या एका बास्केटबॉल क्लबनं तिला पगारावर घेतलं, खोली दिली आणि हिरव्या गणवेशाचे दोन जोड दिले. हाफपँट बेतणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा कुणी दुसरीच मुलगी होती. पहिल्या मॅचमध्ये सिगा एका हातानं चेंडू अडवत होती आणि दुसऱ्या हातानं पँट खाली ओढत होती. दोन गुण आणि पाच फाउल करून ती बाहेर बसली.

खरं तर त्या मॅचसाठी वालींनी तिची दुसरी पँट आधीच वाढवून दिली होती. थिएसच्या बाजारात तसला हिरवा मिळाला नाही. मग त्यांनी एका बाईंच्या सणाच्या झग्यातलं उरलेलं कापड घेतलं आणि चार बोटांची किनार जोडली. रंग अगदी जुळला होता. फक्त त्यावर पिवळे अननस होते.

सिगानं ती पँट बॅगेच्या तळाशी, बुटांच्या खाली ठेवली. ड्रेसिंग रूममध्ये बारा मुली होत्या आणि बाराही जणींना तोंडं होती. एकदा अननस म्हणून नाव पडलं की ते निवृत्तीपर्यंत पुसलं गेलं नसतं.

त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला. त्यांनी गुण विचारले नाहीत, ते रेडिओवर ऐकले होते.

"बसते ना?"

"हो बाबा. छान बसते."

साम्बू ती मॅच बघायला डाकारला गेला होता. थिएसला परतल्यावर वालींनी त्यालाही विचारलं, तर तो म्हणाला, "शेवटच्या रांगेतून अननस मोजले मी." सिगाकडे त्यानं आजवर या विषयाचं अवाक्षर काढलं नव्हतं.

आता, शनिवारी, वालींनी टेप गळ्यात टाकली आणि जाहीर केलं, "उद्या मी येतोय."

"कुठे?"

"मॅचला. तिकीट काढलंय. बाजूच्या तिसऱ्या रांगेत. तिथून शिलाई दिसते."

सिगानं साम्बूकडे बघितलं. साम्बूनं चहाच्या पेल्यात बघितलं.

"बाबा, एवढा प्रवास कशाला? रेडिओवर..."

"रेडिओवर किनार दिसत नाही."

"मी याला घेऊन येतो," साम्बू घाईनं म्हणाला. "मागच्या रांगेत बसू. पुढे डास असतात."

"तिसऱ्या रांगेत," वाली म्हणाले. मग त्यांनी एक सुटलेला दोरा दातांनी तोडला आणि मशीनकडे वळले. सिगा निघाली तेव्हा त्यांनी मान वर न करता हात हलवला. शिवण चालू असताना ते कुणालाच नीट निरोप देत नसत.

सहा जणांबरोबर गाडीत कोंबून डाकारला जाताना तिनं तीन कारणं तयार केली: पँट धुताना फाटली, चोरीला गेली, व्यवस्थापकांनी नियम बदलला. एकही टेपपुढे टिकणारं नव्हतं. खोलीवर पोचल्यावर तिनं दार लावलं, बुटांखालून पँट काढली आणि पहिल्यांदाच घातली. आरशासमोर उडी मारली. पाय फाकवले, बसली, उठली, पुन्हा उडी मारली. पँट जागची हलली नाही. आयुष्यात प्रथमच कुठला तरी तयार कपडा तिच्या मापाचा होता. अननस मात्र दिव्यात अगदी चमकत होते. उद्या बघू, असं म्हणून ती झोपली.

पहाटे आईचा फोन आला. वाली फजरची नमाज पढून दुकानात आले होते. मशीनसमोर बसले होते, आणि तसेच बसून राहिले.

दुपारी त्यांना माती दिली. मॅच सिगाशिवाय झाली.

तिसऱ्या दिवशी गल्लीत मांडव होता, खुर्च्या, खजूर, कुराणाचं पठण. सगळे साम्बूची वाट बघत होते. सेरेर माणूस गेला की जोला पाहुण्यानं त्याचं सोंग आणायचं असतं. ते आणलं नाही तर मेलेल्याची उपेक्षा होते.

साम्बू आला तो गुडघे वाकवून, कारण तो चांगला उंच होता. डोक्यावर वालींची टोपी, नाकाच्या शेंड्यावर वालींचा चष्मा, गळ्यात टेप. बायकांच्या बाजूनं पहिलं हसू फुटलं.

त्यानं थेट इमामांच्या पोटाला टेप घातली. "मागच्या ईदपेक्षा चार बोटं जास्त. कापड मी कुठून आणू?" इमाम खोकल्यासारखं हसले. मग त्यानं शेजाऱ्याची बाही ओढली. "ही कुणी शिवली? डाकारला शिवलीस ना? म्हणून मी मेलो." आई पदरात तोंड लपवून हसत होती, आणि तिचे खांदे हसण्यापेक्षा जास्त हलत होते.

सिगा कोपऱ्यात बसली होती. साम्बू तिच्यासमोर थांबला.

"स्टूल आणा."

कुणीतरी दुकानातलं स्टूल आणलं. साम्बू त्यावर गुडघे वाकवूनच चढला, डगमगला, सगळा मांडव ओरडला, "पडाल!" त्यानं टेपचं टोक तिच्या डोक्यावर धरलं.

"एक मीटर ब्याण्णव. सांगितलं होतं ना, वाढतेय."

लोक हसले. सिगाही हसली, तीन दिवसांत पहिल्यांदा. मग साम्बूनं चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि हुबेहूब त्या आवाजात विचारलं, "बसते ना?"

सोंग विचारतं तेव्हा उत्तर द्यावं लागतं. ते सोंगाला नसतं, गेलेल्याला असतं. "हो बाबा" तोंडाशी तयारच होतं. साम्बू वाट बघत उभा राहिला. त्याचे वाकलेले गुडघे थरथरायला लागले, तरी तो उतरला नाही.

"मॅचमध्ये कधीच घातली नाही, बाबा," सिगा म्हणाली. "अननसांची लाज वाटली. तुम्हाला खोटं सांगितलं. शनिवारी खोलीत घातली, दार लावून. उड्या मारून बघितलं." तिनं टेपचं लोंबतं टोक हातात धरलं. "बसते. बरोबर बसते."