घासलेला स्वरकाटा

मी एक जुना स्वरकाटा आहे. मित्रांनो, नावाला घाबरू नका, मी कुणाला टोचत नाही. दोन पाय आणि एक दांडा असलेला पोलादी चिमटाच म्हणा, फक्त त्यात काही पकडता येत नाही. मला गुडघ्यावर आपटलं की मी एक सूर देतो. पुन्हा आपटलं की पुन्हा तोच. प्रत्येक घरात असा एखादा नातेवाईक असतोच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे मला तासून, तपासून सुरात आणलं आणि वर बजावलं, की बाबा रे, आता बदलू नकोस. मी बदललो नाही.

माझे मालक पियानोचे सूर लावून देत. सगळी गल्ली त्यांना 'कानसेन' म्हणे. तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीत पोट उघडं टाकलेले पियानो रुग्णांसारखे ओळीने उभे असत. कानसेन मला गुडघ्यावर आपटत, माझा दांडा कानामागच्या हाडाला टेकवत आणि डोळे मिटत. मग एक तार माझ्याशी जुळवत आणि बाकीच्या सगळ्या तिच्याशी. कामं घेणं आणि पियानो पोचते करणं लेकीकडे होतं. "बाबांचा कान सोन्याचा आहे," ती गिऱ्हाइकांना सांगे, "फक्त मी हाक मारली की चालत नाही."

चाळीस वर्षं आमचं छान चाललं. मग शहर वरून दाखवणारी हेलिकॉप्टरं सुरू झाली. ती नदी दाखवत, पूल दाखवत, उंच मनोरा दाखवत आणि वळायला म्हणून आमच्या गल्लीवर येत. सकाळी दहापासून सूर्य मावळेपर्यंत, दर दहा मिनिटांनी. तावदानं थरथरत. समोरच्या घरातलं बाळ दचकून उठे. शेजारचे आजोबा बोलणं अर्ध्यावर सोडत आणि हेलिकॉप्टर गेलं की तिथूनच उचलत. जावयाची एक साधी निंदा त्यांना चार दिवस पुरली. वरचे लोक हौसेने हात हलवत. सुरुवातीला गल्लीही हलवत असे. नंतर तेच हात कानांवर गेले.

सगळ्यांनी मिळून पालिकेच्या कार्यालयात तक्रार केली. कार्यालयाने आवाज मोजणारा माणूस पाठवला, तो सोमवारी. सोमवारी हेलिकॉप्टरांना सुट्टी असते.

"साहेब, उद्या या ना," लेक म्हणाली.

"उद्या आवाज असतो हो ताई. माप नीट येत नाही."

'परिसर अतिशय शांत' असं लिहून, चहा घेऊन तो गेला.

पण कानसेनांना त्या सोमवारीही घरघर ऐकू येत होती. आभाळ रिकामं होतं, कान भरलेला होता. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. ज्याचं पोट कानावर, तो कानाची तक्रार कुणाकडे करणार?

एकदा त्यांनी शाळेच्या गायनशिक्षिकेचा पियानो लावून दिला. आठवड्याने ती आली आणि दारातच घुटमळली.

"काका, रागावू नका हं. पियानो खाली उतरलाय. बासरीवाली मुलगी एका सुरात, पियानो दुसऱ्याच. भांडलेल्या जावांसारखं चाललंय दोघांचं."

ती गेल्यावर कानसेनांनी मला आपटलं आणि कानामागे टेकवलं. मी इमानाने माझा सूर दिला. पण तिथे दुसराच एक सूर आधीपासून ठाण मांडून बसला होता.

"काटा चढलाय," ते म्हणाले.

"बाबा, पोलाद कसं चढेल?"

"चाळीस वर्षं ऐकतोय मी याला. मला शिकवतेस?"

त्यांनी कानस काढली. माझ्या दोन पायांच्या बेचक्यात घासायला सुरुवात केली. घासायचं, आपटायचं, ऐकायचं. पुन्हा घासायचं. दुखलं नाही म्हटलं तर खोटं होईल, आणि तोवर मला खोट्याची सवय नव्हती. घासण्यागणिक माझा सूर उतरत गेला. शेवटी ते डोळे मिटून हसले. कित्येक महिन्यांनी हसले.

"आता बरोबर. ऐक." त्यांनी माझा दांडा लेकीच्या कानामागे टेकवला. नेमकं त्याच वेळी वरून हेलिकॉप्टर गेलं. माझा सूर आणि त्याची घरघर, दोन्हींत केसाचंही अंतर नव्हतं. तिचा चेहरा उतरला. तिला सगळं समजलं.

"जुळलाय ना?" त्यांनी विचारलं.

"जुळलाय, बाबा," ती म्हणाली. ते खोटंही नव्हतं.

मग ती बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली आणि एकेका गिऱ्हाइकाला फोन करत राहिली. "बाबांचा हात दुखतोय, सध्या कामं बंद आहेत." प्रत्येकाला हात सांगितला. कानाचं नाव तिने कुणाजवळ काढलं नाही. पियानो एकेक करून गेले. कानसेन अजून रोज मला आपटून ऐकतात आणि समाधानाने मान हलवतात. त्यांच्यापुरता मी आता अगदी सुरात आहे.

मित्रांनो, उंचावरून शहर जरूर पाहा, सुंदरच दिसत असेल. फक्त आधी विचारा, हे यंत्र वळतं कुठे? वरून नुसती छपरं दिसतात, पण त्यांच्याखाली माणसं काहीतरी ऐकत बसलेली असतात. त्यांचं ऐकणं जपा. माझ्या बेचक्यातून पडलेला चिमूटभर भुगा लेकीने त्याच संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून घेतला. तो आता कुणालाच परत लावता येणार नाही.