दोन्हीकडे चालणारं कार्ड

मल्हारनं कॉम्प्युटरमधून काढलेलं ते कार्ड उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं आणि मग सरळ नाकाशी नेलं.

वास घेऊन दुखणं ओळखणारे वैद्य रामहरीनं ऐकले होते. कॉम्प्युटरवाला आज पहिल्यांदाच बघत होता. बारामतीत कॉम्प्युटरची दुकानं काही कमी नाहीत, पण जुन्या मशीनचं अडलं की सगळे याच माणसाकडे का येतात, ते त्याला आता कळलं. न कळतं तर बरं झालं असतं.

"कशानं गेलं?" मल्हारनं विचारलं.

"लाइट वरखाली झाली असेल," राजलक्ष्मी म्हणाली. "परवा दोनदा गेली होती."

"पाणीबिणी?"

"कॉम्प्युटरच्या खोलीत? छे. तिथं आम्ही चहासुद्धा नेऊ देत नाही."

मल्हारनं रामहरीकडे पाहिलं. रामहरी भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशी शोधत होता.

अंथुर्ण्याच्या शिवेवर विजयसिंह आबांची हॅचरी होती. अंडी उबवून पिल्लं काढायची, एका दिवसाची पिल्लं कोंबड्या पाळणाऱ्या शेडवाल्यांना द्यायची. रामहरीची बावीस वर्षं तिथंच गेली. यंदा आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते वडगाव निंबाळकरला घरी पडून राहिले आणि हॅचरी त्यांच्या मुलीकडे, राजलक्ष्मीकडे आली. दिली असं म्हणवत नाही. आबांनी किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या आणि जुडग्याचं एक टोक स्वतः धरून ठेवलं. "दिवाळीपर्यंत बघू. न्हाय जमलं तर रणजित हायच," असं ते चारचौघांत बोलले होते. रणजित म्हणजे पुतण्या. त्याची माणसं, त्याच्या गाड्या, सगळं तयार होतं.

आणि आता मशीनमध्ये चौदा हजार अंडी होती. सोळावा दिवस. मशीनमधली उष्णता या कार्डातून कॉम्प्युटरला कळायची, पारा जरा इकडेतिकडे झाला की भोंगा वाजायचा. काल सकाळपासून कार्ड मुकं झालं होतं. तेव्हापासून रामहरी आणि कामावरची सारजा आळीपाळीनं दर अर्ध्या तासाला काचेला नाक लावून थर्मामीटर वाचत होते. आत्ता सारजा एकटीच तिथं होती. साडेनव्याण्णवाचे एकशे दोन झाले आणि तिचा डोळा लागला, तर चौदा हजार पिल्लं कवचातच शिजणार होती.

हे सगळं कशानं झालं, ते फक्त रामहरीला ठाऊक होतं.

सहा दिवसांपूर्वी खंडेनवमी होती. हॅचरीत त्या दिवशी सगळ्या मशीनांची पूजा व्हायची. आबा स्वतः नारळ फोडायचे, पाणी वाटीत धरायचे आणि झेंडूच्या फुलानं प्रत्येक यंत्रावर शिंपडायचे. यंदा आबा नव्हते. राजलक्ष्मी सकाळी घाईघाईनं आली, म्हणाली, "काका, आबा करायचे तसंच करा, काही सोडू नका. आणि कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लावा. तोही आता आपल्यातलाच की." म्हणाली आणि नव्या ट्रेंची गाडी उतरवून घ्यायला गेली. रामहरीनं मन लावून पूजा केली. कॉम्प्युटरचं झाकण मशीनच्या कंपनीच्या माणसानं हवा लागावी म्हणून काढून ठेवलं होतं. रामहरीला वाटलं, देवाच्या पाण्याला आडपडदा कशाला? त्यानं आतच शिंपडलं. एक शिंतोडा जरा मोठा पडला. त्यानं टॉवेलानं टिपला. कॉम्प्युटर चालू राहिला, म्हणून तो गप्प राहिला. पाच दिवस सुखाचे गेले.

"दोन सिस्टिम आहेत म्हणालात ना?" मल्हारनं विचारलं.

"हो. चालू बॅच जुन्या विंडोजवरच संपवायची. कंपनीचा नवा प्रोग्रॅम लिनक्सवर आहे, पुढची बॅच त्यावर. कॉम्प्युटर एकच," राजलक्ष्मी म्हणाली.

"म्हणजे एका सुनेनं दोन सासवा सांभाळायच्या." मल्हारनं कार्डांची दोन खोकी समोर ठेवली. हुबेहूब सारखी, नाव तेच, चित्र तेच. "यातलं कुठलं घ्याल?"

राजलक्ष्मीनं त्यातल्या त्यात कोरं दिसणारं उचललं.

"सगळे हेच उचलत्यात. खाली बारीक अक्षरात बघा, आवृत्ती तीन. कार्डाच्या कंपनीनं नाव तेच ठेवलं आणि आतली चिप बदलली. लिनक्स हिला लगेच ओळखतं, पण तुमचं जुनं विंडोज ओळखच देणार न्हाय. हे दुसरं जुन्या चिपचं. सीडी घातली की विंडोज घेतं, लिनक्स तर काय, न सांगता घेतं." मग त्यानं तारेला लोंबणारी एक डबी दाखवली. "ही बाहेरनं यूएसबीत लावायची. पण जुन्या विंडोजवर हिचा भरवसा मी देणार न्हाय."

"मग हे जुन्या चिपचंच द्या."

"देतो. पण एक सांगा. हे नुसतं लाइटीनं गेलं असंल तर त्याच स्लॉटमध्ये, म्हणजे कार्डाच्या खाचेत, बसवा, काय होत न्हाय. ओल गेली असंल तर तो स्लॉट आतनं खाल्लेला असतो. आज चालंल, चारपाच दिवसांनी नवं कार्डबी खाईल."

चारपाच दिवसांनी. म्हणजे पिल्लं कवच फोडायला लागतील तेव्हा. रामहरी खुर्चीत पुढे सरकला. त्याच्या जिभेवर शब्द आले होते, खरंच आले होते. पण आधी आबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मग त्याहून वाईट विचार: आबा विचारणार, कॉम्प्युटरची पूजा कर म्हणून तुला सांगितलं कुणी? आणि त्याचं उत्तर शेजारच्याच खुर्चीवर बसलं होतं.

"लाइटीनंच," राजलक्ष्मी म्हणाली आणि कार्ड पर्समध्ये टाकलं.

इंदापूर रस्त्याला गाडी लागली तेव्हा आबांचा फोन आला. तिनं तो गाडीच्या स्पीकरवर घेतला.

"काय चाललंय?"

"सगळं व्यवस्थित आहे, आबा."

"रणजित संध्याकाळी येतोय बघायला. त्याला सगळं दाखव."

"हो."

फोन बंद झाला. तरी तिनं आणखी एकदा हो म्हटलं. रामहरीनं ही पोरगी फ्रॉकमध्ये पिल्लांच्या ट्रेमागे धावताना पाहिली होती. कोंबड्याला भ्यायची नाही, बापाला भ्यायची. तशीच राहिली होती.

"ताईसाहेब, गाडी बाजूला घ्या."

तिनं उसाच्या बांधाला गाडी घेतली. त्याला वाटलं होतं, एका दमात सांगू. पण त्याला सहासात दम लागले. नारळ, फूल, शिंतोडा, टॉवेल. सगळं सांगितलं, फक्त त्या सकाळी ती काय म्हणाली होती तेवढं गाळलं. तिला ते आठवू नये, एवढंच तो मनात म्हणत होता.

तिनं गाडीचं इंजिन बंद केलं.

"दुकानात का नाही बोललात, काका?"

"भ्यालो."

यावर ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. तिनं नुसती मान हलवली आणि मल्हारला फोन लावला. तो पलीकडून म्हणाला, "वास आंबूस येत होता, ताई. पण तुमच्यापुढं काकांना कसं विचारायचं? आता तो स्लॉट सोडा. त्याच्या खालचा वापरा, आधी दोन्ही स्पिरिटनं पुसून घ्या."

हॅचरीत सारजा डोळे लाल करून मशीनपुढे उभी होती. शंभरवर गेलं होतं, तिनं झरोका उघडून खाली आणलं होतं. राजलक्ष्मीनं स्वतः कॉम्प्युटर बंद केला, रामहरीनं विजेरी धरली. वरच्या स्लॉटच्या पितळी दातांवर हिरवट बुरा चढला होता. खालचा स्वच्छ होता. पुसून, वाळवून कार्ड बसवलं. सीडी फिरली, थांबली, पुन्हा फिरली. मग पडद्यावर आकडा आला: नव्याण्णव पूर्णांक सहा. कॉम्प्युटर बंद करून लिनक्स लावलं. तिथंही तोच आकडा. पुन्हा जुन्यावर आणलं. सारजा तिथंच फरशीवर बसली.

रामहरीला हायसं वाटायला हवं होतं. पण फोन वाजला.

"कार्ड आणायला बारामतीला गेली हुतीस म्हणं," आबा म्हणाले. बातमी त्यांच्यापर्यंत कुठून गेली कोण जाणे. आबांना गुडघा नव्हता तरी कान होतेच. "कशानं गेलं?"

राजलक्ष्मीनं तोंड उघडलं. तिच्या ओठांवर लाइटच होती, हे रामहरीनं पाहिलं. त्यानं तिच्या हातातून फोन अलगद काढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"आबा, रामहरी बोलतुया. माझ्या हातनं झालं. खंडेनवमीला नारळाचं पाणी आत सांडलं."

पलीकडे खाट करकरली.

"बावीस वर्षं मी पूजा करतोय. कॉम्प्युटरला कधी हात लावलाय का? तुला सांगितलं कुणी?"

"कुणी न्हाय. माझीच हौस."

"मंग उद्यापासनं हौस घरीच कर. येऊ नगंस."

"व्हय, आबा," रामहरी म्हणाला. एवढं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. सहा दिवस ज्याला भ्यालो ते होऊन गेलं आणि आपण अजून उभे आहोत, याचं त्याला नवल वाटलं.

त्यानं फोन परत द्यायला हात पुढे केला, तेव्हा त्याला तिचा चेहरा दिसला. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, उंबऱ्यावरच्या सुकलेल्या झेंडूकडे पाहत होती. तिला आठवलं होतं. तिचा रंग पार उतरला होता.

"र्‍हाऊ द्या, ताईसाहेब," तो हळूच म्हणाला. "मिटलं आता."

तिनं फोन घेतला.

"आबा, मी सांगितलं होतं काकांना. कॉम्प्युटरलाही करा म्हणून. तुमच्याशी मघाशी खोटं बोलले, सगळं व्यवस्थित नव्हतं. आता आहे." तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि काका उद्या येणार आहेत. बॅच निघेपर्यंत मला ते लागणार. नंतरही लागणार."

मग आबा थंडपणे म्हणाले, "रणजित वाटेतच आसंल."

"त्याला माघारी बोलवा."

"काय म्हणालीस?"

"माघारी बोलवा, आबा. दिवाळीपर्यंत म्हणाला होतात ना? दिवाळीला अजून दिवस आहेत."

फोन कुणी आधी ठेवला ते रामहरीला कळलं नाही. ती खुर्चीवर बसली. सारजानं न बोलता पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि कॉम्प्युटर बघून तो पुन्हा दाराबाहेर नेऊन ठेवला.

"काका," थोड्या वेळानं राजलक्ष्मी म्हणाली, "रणजित यायच्या आत फाटक लावून घ्या. आणि माझ्याजवळ थांबा."