मह्या उतरेल

सावळीराम रिटायर झाला तेव्हा नातेवाइकांनी उज्वलाची कीव केली. आता हा दिवसभर घरात बसून तुझं डोकं खाणार, असं सगळ्यांचं मत पडलं. पण सावळीरामने एक जुनी ट्रॅव्हलर गाडी विकत घेतली, कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर उभी केली आणि वर्षभर खपून तिच्या पोटात घर बांधलं. ओझरच्या विमान कारखान्यात आयुष्यभर टर्नर म्हणून राबलेला माणूस, तो सुताराला कशाला हात लावू देतोय! पलंग, ओटा, पाण्याची टाकी, आणि सगळ्यात मागे संडास. जितका जीव त्याने त्या संडासात ओतला तितका आमच्या लग्नातही ओतला नव्हता, असं उज्वला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

चेष्टा करायची खरी, पण तिला कारण ठाऊक होतं. सावळीरामचे वडील शहरात घरोघरचे मैल्याचे डबे डोक्यावरून वाहायचे. दीक्षा घेतली, घरातले देव गेले, भिंतीवर बाबासाहेब आले, पण पोटासाठी काम तेच राहिलं. मुलाला कारखान्यात नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं, "तू कुणाची उचलू नको. आणि तुझी कुणाला उचलू देऊ नको." सावळीरामने हे दोन्ही पाळलं. घरचा संडास तो स्वतः घासायचा. गाडीतला मैला खालच्या बंद टाकीत साठेल आणि ती टाकी आपण आपल्या हाताने पाईप लावून रिकामी करू, हे त्याने पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. त्यासाठी पितळी जोडसुद्धा त्याने ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन स्वतः लेथवर कातला.

पहिला मोठा दौरा बागलाणचा निघाला. साल्हेरच्या पायथ्याशी राहिले, डोंगर बघितले, चुलीवरची भाकरी खाल्ली. परतीच्या वाटेवर सटाण्याच्या अलीकडे टाकीचा लाल दिवा लागला. टाकी भरली होती.

"कुठे करायची रे रिकामी?" उज्वलाने विचारलं.

"एवढं मोठं गाव लागतंय पुढे. जागा नसेल का?"

गावाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, तुम्ही कुठलंही घ्या. कांद्याचा बाजार, चार दवाखाने, दोन मंगल कार्यालयं, रस्त्यावर दुतर्फा फ्लेक्स. खायला-प्यायला, मिरवायला हवं ते मिळेल. पण खाल्लेल्याचं पुढे काय करायचं, हा प्रश्न तिथे कुणी उघडपणे विचारलेला दिसत नव्हता.

पेट्रोल पंपावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं. पंपावरच्या माणसाने गाडीभोवती चक्कर मारली, आत डोकावून पलंग पाहिला, भारी केलंय म्हणाला. टाकीचं ऐकल्यावर मात्र त्याने नाकाला रुमाल लावला, टाकी बंद असताना.

"आमचंच चोकअप हाय. तुम्ही असं करा, मह्याला बोलवा."

"कोण मह्या?"

"मह्या शे ना आपला. गावाचं सगळं तोच पाहतो. बादलीनं काढून नेईल."

"मला माणूस नको आहे," सावळीराम म्हणाला. "जागा पाहिजे. मी करतो माझं."

त्या माणसाला हे कळलंच नाही. तो हसला आणि दुसऱ्या गाडीकडे वळला.

बसस्टँडच्या संडासाला कुलूप होतं. बाहेरच्या चहावाल्याने नदीचा रस्ता दाखवला. "सोडून द्या पुलाखाली, समदे तेच करतात." सावळीरामने त्याच्याकडे असं पाहिलं की उज्वलाने घाईने दोन चहा सांगितले. चहा गाळता गाळता तो पुन्हा बोलला, "नाय तर मह्याला सांगा. आता एकटाच पडलाय, पण येईल."

"एकटा म्हणजे?"

"आधी दोघं भाऊ होते. थोरला मागल्या वर्षी एका लॉजच्या टाकीत उतरला तो वर नाय आला. गॅस धरतो ना." त्याने कप पुढे केले. "साखर कमी टाकलीय, चालंल ना?"

उज्वलाला तो चहा गेला नाही. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "चल, तसंच नाशिकला जाऊ. दोन तास संडासाचं दार बंद ठेवू, काय मरत नाही आपण."

तिचं बरोबर होतं. पण टाकी काठोकाठ भरली होती आणि घाटात वळणावर ती मागून उसळून आत येईल, हे सावळीरामने हिशेबाने सांगितलं. त्यातून एवढ्या मोठ्या गावात आपल्याला एक धड जागा मिळू नये, याचा त्याला राग आला होता. रागावलेला सावळीराम म्हणजे गोठ्यातला आडवा बैल.

गावाच्या टोकाला एक मंगल कार्यालय होतं. वॉचमन भला माणूस निघाला. मागच्या बाजूला मोठी सेप्टिक टाकी आहे, झाकण उघडून देतो, सोडा तुमचं, म्हणाला. फक्त लवकर आवरा, उद्या सकाळी लग्न आहे, संध्याकाळपासून पाहुणे येतील. सावळीरामचा चेहरा उजळला. त्याने गाडी मागे घेतली. दोघांनी पहार घालून झाकण सरकवलं. तोंड लहानसंच होतं, एक माणूस जेमतेम मावेल एवढं. आतून जो वास आला त्याने उज्वला पदर लावून चार पावलं मागे झाली. वर पत्र्यावर बसलेली कबुतरं उडून गेली.

सावळीराम पाईप जोडत होता तेव्हा वॉचमन फोनवर बोलत होता. "हां मह्या, ये इकडं कार्यालयावर. दोरी आण."

"कशाला बोलावलं त्याला?" सावळीराम ताडकन उठला. "मी सांगितलं ना, मी करतो म्हणून!"

"अहो साहेब, असू द्या जवळ. तुमच्यासारख्यानं कशाला हात घालायचा घाणीत?"

"माझ्यासारख्यानं म्हणजे? माझा बाप हेच करायचा!"

वॉचमन वरमला. सावळीराम तणतणत परत पाईपपाशी गेला, आणि त्या तिरीमिरीत पितळी जोडावरचा क्लॅम्प आवळायचाच राहिला. कारखान्यात ज्याने हजारो वेळा सांध्यावरून बोट फिरवून पाहिलं असेल, तो माणूस त्या दिवशी तेवढं विसरला. त्याने व्हॉल्व उघडला. गाडीच्या टाकीतलं सगळं एकदम धावत आलं, पाईपला हिसका बसला, आणि तो अख्खा पाईप निसटून सुळकन सेप्टिक टाकीत गेला. त्याने व्हॉल्व बंद करेपर्यंत अर्धं अंगणात सांडलं होतं.

मह्या, म्हणजे महेश, आला तेव्हा सावळीराम पाणी ओतून अंगण धूत होता. महेश चाळिशीचा असेल. अंगाने वाळलेला, डोळे तांबारलेले, आणि तोंडाला दारूचा वास. उतरायचं म्हटलं की थोडी घ्यावीच लागते, हे कुणी विचारण्याआधीच त्याने सांगून टाकलं. खांद्यावर दोरीचं भेंडोळं होतं. त्याने आत वाकून पाहिलं.

"पाईप आडवा गेलाय, बाहेर जायच्या तोंडातच बसलाय. उद्या लग्नाचं पाणी पडलं की समदं उलटं वर येईल."

वॉचमनच्या तोंडचं पाणी पळालं. बांबूला आकडी बांधून त्यांनी पुष्कळ वेळ ढवळून पाहिलं. आकडी लागायची आणि सुटायची. टाकी उपसणाऱ्या मशीनवाल्याला फोन लावला, तो उद्या दुपारी येतो म्हणाला. मालक माझी नोकरी खाईल, असं वॉचमन परत परत म्हणू लागला, आणि मग तेच म्हणाला जे सकाळपासून सगळं गाव म्हणत होतं, "मह्या उतरेल."

महेशने शर्ट काढून कठड्यावर ठेवला.

"थांब," सावळीराम म्हणाला. "तू नाही उतरायचं."

"मंग कोण?"

"पाईप माझा आहे. घाण माझी आहे."

"अहो!" उज्वला ओरडली. चारचौघांत ती त्याला अहो म्हणायची, पण हे वेगळं होतं. "गॅस असतो आत. सकाळीच ऐकलंत ना? राहू दे तो पाईप! यांचं जे नुकसान होईल ते देऊन टाकू!"

"आणि आपण गेल्यावर हे कुणाला उतरवतील?"

महेश तिथेच उभा होता, उघड्या अंगाने.

"कारखान्यात टाकीत उतरायची पद्धत असते," सावळीराम तिची समजूत घालत म्हणाला. "झाकण कधीचं उघडं आहे, हवा खेळलीय. कमरेला दोरी बांधतो. दोन मिनिटांचं काम. चक्कर आली तर तुम्ही तिघं वर ओढा." कारखान्यात त्याच्या आधी आत हवा फेकणारा पंखा लावतात आणि मशीनने गॅस तपासतात, हे त्याला ठाऊक होतं. ते त्याने सांगितलं नाही.

महेशची एकुलती एक दोरी त्याने कमरेला बांधली. गाठ मारावी ती सावळीरामनेच, पक्की आणि नीटनेटकी. डेकोरेशनवाल्यांची लोखंडी शिडी आत सोडली आणि तो उतरला. उज्वलाला त्याचं टक्कल दिसत होतं. "सापडला," असं तो म्हणाला. मग पाईपचं एक टोक वर आलं, वॉचमनने ते धरलं, सगळ्यांनी हुश्श केलं. आणि त्याच क्षणी खाली शिडी वाजली. सावळीराम शिडीच्या पायरीवरच बसला, त्याने मान टाकली.

तिघांनी दोरी ओढली. तो वर यायला लागला आणि अडकला. पाय शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये अडकला होता. ओढलं की शिडी आडवी होऊन तोंडाशी अडायची, सोडलं की तो घाणीत खाली जायचा. वॉचमन "कुणीतरी या रे" म्हणत रस्त्याकडे पळाला. काठावर उज्वला आणि महेश उरले.

महेशने तिच्याकडे पाहिलं. त्याला उतरू नको असं बजावण्यात आलं होतं, आणि ज्याने बजावलं तो खाली होता. महेश तिच्या शब्दाची वाट बघत होता. भाऊ कसा गेला हे त्याला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. दुसरी दोरी नव्हती हेही दोघांना दिसत होतं.

"उतरा ना, भाऊ," उज्वला म्हणाली. "पाया पडते."

महेशने मोठा श्वास भरून घेतला आणि शिडी न धरताच आत उडी टाकली. क्षणात त्याने सावळीरामचा अडकलेला पाय सोडवला. तेवढ्यात वॉचमन रस्त्यावरची दोन माणसं घेऊन आला, सगळ्यांनी जोर लावला आणि सावळीराम वर आला, काळानिळा पडलेला. पालथा पडून तो ओकला. जिवंत होता. उज्वलाने खाली पाहिलं. महेश शिडीला धरून होता, त्याचा एक हात वर होता.

"दोरी टाका!" कुणीतरी ओरडलं.

दोरी सावळीरामच्या कमरेला होती. उज्वला गाठीला भिडली. भिजून गाठ आवळली होती, नखं तुटली तरी सुटेना. ती दातांनी ओढत होती, विळा आणा, कोयता आणा म्हणून किंचाळत होती. कोयता आला, दोरी कापली, खाली सोडली. दोरी शिडीला लागून तशीच लोंबत राहिली. तिला धरायला हात वर आला नाही.

सावळीरामला सटाण्याच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी नीट शुद्ध आली. नाकाला नळी होती. उज्वला उशाशी बसली होती, बोटांना पट्ट्या बांधून. त्याने पाणी मागितलं, दोन घोट प्यायला. मग त्याच्या चेहऱ्यावर जरा समाधान आलं.

"मूर्खपणा झाला माझा," तो म्हणाला. "पण एक बरं झालं. त्या पोराला उतरू दिलं नाही."

दाराबाहेरच्या बाकावर महेशची बायको राखी बसली होती. पोलिसांनी तिला जबाबासाठी आणलं होतं. तिच्या मांडीवर महेशचा शर्ट होता, कठड्यावर घडी करून ठेवलेला. ती आतलं सगळं ऐकत होती.

उज्वलाने तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"मी उतरवलं त्याला," ती म्हणाली.