चार बोटांचं माप

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप आहे. 'आहे' म्हणायचं ते केवळ सवयीने. भंगारवाल्याच्या आवारात भिंतीकडे तोंड करून मी उभी आहे आणि माझी पुढची काच गेलेली आहे.

मला घेतलं एका फरशीवाल्याने. घरात तो आणि त्याची मुलगी, दोघंच. दगड कापायचा, माझ्यामागच्या ट्रेलरवर चढवायचा आणि गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन उतरवायचा. गाडी मुलगी चालवायची. बापाची नजर अधू झाली होती, पण हुकूम त्याचाच. मुलगी मला 'म्हातारे' म्हणायची, तेही मी कोरी करकरीत होते तेव्हापासून!

बापाचं एक माप होतं. माल भरला की तो माझ्या मागच्या चाकाशी उकिडवा बसायचा आणि टायर व मडगार्ड यांच्यामध्ये हात घालायचा. चार बोटं शिरली तर गाडी निघायची. नाही शिरली तर कितीही घाई असो, माल उतरायचा. मित्रांनो, मला बोलता येत नाही. जड झालं की पाठ खाली घालायची, एवढीच माझी भाषा. ती त्या माणसाला कळायची. तोंडाचा फटकळ होता, तरी म्हणूनच मला तो आवडायचा.

पुढे कामं वाढली. बोटं अडू लागली, तशा खेपाही वाढल्या. मापात भरलं तरी ट्रेलरच्या भाराने माझं बूड दबायचं, नाक वर व्हायचं आणि दिवे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जायचे. मग मुलीने मला गॅरेजात नेलं. मिस्त्रीने माझ्या मागच्या, ओझं पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्यांवर दोन रबरी बलून बसवले आणि त्यांत हवा भरली. माझी पाठ पुन्हा सरळ झाली.

"ताई, आता गाडी तोल धरेल," मिस्त्री म्हणाला. "पण वजन पूर्वीएवढंच घ्यायचं हं. ब्रेक तेच आहेत, एक्सल तोच आहे."

मुलीने घरी येऊन हे सांगितलं. बाप हसला. "त्याचं ऐकत बसलो तर दुकानाला कुलूप लावावं लागेल. आपलं माप आहे ना?"

ते माप आता खोटं झालं होतं, हे मी कशी सांगणार? हवा भरली की पाठ उचलायची, मग वर दगड असो नाहीतर डोंगर. बोटं शिरतच राहिली, माल वाढतच राहिला. "एवढा माल, पण गाडी बघा कशी ताठ उभी आहे!" असं लोक म्हणायचे. माझ्या आत पाटे एकेक करून मोडत होते, आणि ते कौतुक मला विषासारखं लागायचं.

त्या दिवशी दगडी पायऱ्या न्यायच्या होत्या, चांगल्या जाडजूड. मुलगी ट्रेलरकडे बघत राहिली.

"बाबा, आज जास्त वाटतंय. दोन खेपा करू या का?"

बाप उकिडवा बसला. त्याने हात घातला. "चार शिरतायत. उगाच शंका काढू नकोस. नीघ."

ती निघाली. बापापुढे तिचं कधी चालायचं नाही.

उताराला ट्रेलर मला मागून रेटू लागला. तिने ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. जळका वास आला आणि मग तिचा पाय थेट तळाला गेला. "थांब गं म्हातारे, थांब," ती म्हणत होती. मला थांबता आलं नाही. वळणावर ट्रेलर आडवा झाला आणि त्याने मला पुलाच्या कठड्यावर नेऊन आपटलं. लोकांनी दार कापून तिला बाहेर काढलं, तेव्हा ती गेलेली होती.

परवा मिस्त्री बलून काढायला आला. मागोमाग बापही आला. मिस्त्रीने हवा सोडली आणि माझी पाठ खाली येत येत धाडकन टायरवर बसली. बापाने वाकून आत पाहिलं.

"हे सगळं अपघातात मोडलं?"

"नाही काका. मोडल्या जागी चढलेला गंज बघा ना. कधीचंच मोडलंय."

बाप तिथेच मातीत बसला. "पोरगी बोलली होती मला," एवढंच तो म्हणाला. मिस्त्री पाने आवरत राहिला.

मित्रांनो, जो वाकत नाही त्याला ओझं होत नाही, असं समजू नका. आणि आपलं माणूस जड होतंय म्हणालं, तर माप घेत बसू नका. माल उतरवा.