माझ्यात चिखल कालवला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना टब आहे. तुमच्या आजोळच्या न्हाणीत तांब्याचे घंगाळ असते ना, त्याचा मी विलायती भाऊ. स्कॉटलंडमधल्या एका कारखान्यात लोखंडी पत्रा वाकवून, त्यावर जस्ताचा मुलामा चढवून आणि दोन्ही अंगांना कड्या ठोकून मला तयार केले. कल्याणात आल्यावर लोक मला 'सायबाचं घंगाळ' म्हणू लागले.

आम्हा टबांचे आयुष्यच मुळी घाणीत जाते. माणसे अंगावरचा मळ आमच्यात सोडतात आणि आपण स्वच्छ होऊन निघून जातात. तेव्हा किळस कशाला म्हणतात, हे मला कोणी शिकवायला नको. साबणाचा मेणचट थर, केसांचे गुंतवळ, पायाच्या भेगांतली माती, सगळे मी पाहिले आहे. सोड्याने घासले की ते निघते. पण एका सकाळची किळस मात्र आजतागायत निघालेली नाही. तीच तुम्हाला सांगतो.

मला विकत घेतले ते केलॉक नावाच्या तरुण पाद्रीसाहेबांनी. त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. एका मिशनने त्यांना हिंदुस्थानात अनाथ मुलांचे घर चालवायला पाठवले होते. साहेब, त्यांची मडम, पुस्तकांच्या पेट्या आणि मी, असे आम्ही बोटीने मुंबईला आलो आणि तिथून आगगाडीने कल्याणला. गावाबाहेर, खाडीच्या बाजूला, मिशनने एक बैठे घर भाड्याने घेतले होते. पुढे ओसरी, मागे विहीर आणि अंगणात चिंचेचे झाड.

साहेब मराठी शिकले होते पुण्याच्या एका शास्त्रीबुवांकडून. त्यामुळे ते पोथीतल्यासारखे बोलत. मडमबाई शिकल्या गोदूबाईकडून. गोदूबाई देशावरची, नगरकडची. तिला नवरा नव्हता, मूल नव्हते. ती घरात स्वयंपाक करी आणि मुलांचे सगळे बघे. मडमबाई तिच्यासारख्याच 'न्हाई' आणि 'व्हय' म्हणत. बाजारातली माणसे ते ऐकून तोंडाला उपरणे लावून हसत.

अठराशे शहात्तर साली देशावर पाऊस पडला नाही. पुढच्या उन्हाळ्यात घाट उतरून माणसांचे लोंढे येऊ लागले. कोणी गाडीने आले, कोणी रुळांच्या कडेने चालत. वाटेत आईबाप गेलेली पोरे स्टेशनाच्या आसपास बसून राहात. शिपाई त्यांना हाताला धरून आमच्या घरी आणून सोडत.

पहिली पोरे माझ्यात बसवली तो दिवस सांगतो. तुमच्याने ऐकवणार नाही, पण ऐका. त्यांच्या केसांत इतक्या उवा होत्या की केस आपोआप हलल्यासारखे दिसत. गुडघ्यांवर पू भरलेली गळवे, बोटांच्या बेचक्यांत खरूज, डोळ्यांच्या कोपऱ्यांत माश्या. पाणी आधी तपकिरी झाले, मग काळे, आणि त्यावर उवांची साय धरली. पोटे बिघडलेली होती, त्यामुळे आणखी काय काय त्या पाण्यात आले ते सांगत नाही. साहेब नाकाला रुमाल लावून दारात उभे होते. मडमबाई धावत ओसरीच्या टोकाला गेल्या आणि भडाभडा ओकल्या. मग पालथ्या हाताने तोंड पुसून परत आल्या, बाह्या वर सारल्या आणि म्हणाल्या, "गोदूबाई, दुसरं पानी आना."

त्या दिवसानंतर साहेबांनी माझ्यात कधी आंघोळ केली नाही. ते बादलीने करू लागले. मी पोरांचा झालो.

मग तेच आमचे रोजचे जगणे झाले. सकाळी घंटा, घंटेमागून प्रार्थना. पोरे विलायती चालीवरची गाणी अर्थ न कळता बेंबीच्या देठापासून म्हणत. मग तांदळाची पेज, मग पाळीपाळीने आंघोळ. कडुनिंबाच्या पाल्याचे कढत पाणी, खरजेला गंधकाचे मलम, केसांना करंजेल आणि वर बारीक दातांची फणी. मडमबाईंच्या हातांनाही खरूज लागली. साहेब डोळे मिटून प्रार्थना सांगत, तेव्हा त्या पदराआड लपवावे तसे झग्याच्या घड्यांत हात लपवून कराकरा खाजवत. गावातली चांगली चांगली माणसे आमच्या कुंपणावरून जाताना दूरच्या कडेने जात. साहेब बाजारात उपदेश करायला उभे राहिले की कोणी शेण फेकी. त्यांचा कोट धुवायचे काम पुन्हा माझ्याचकडे येई.

त्या पोरांत शेवंती नावाची मुलगी होती, दहा-अकरा वर्षांची. आली तेव्हा तिच्या कडेवर धाकटा भाऊ होता. पहिली पेज त्याच्या पोटात ठरण्याआधीच तो गेला. शेवंती रडली नाही. गोदूबाईने तिचे डोके भादरले, तेव्हाही ती माझ्यात दगडासारखी बसून होती. हळूहळू तिच्या गळवांचे व्रण सुकले, केस कानांपर्यंत आले. गोदूबाई त्यांना तांबडा दोरा बांधून देई. शेवंती माझ्या पाण्यात वाकून तो दोरा बघे आणि मग घाईने पाणी हलवी, कोणी बघितले तर म्हणून. दुसरा होता धाकू. चार वर्षांचे गोलमटोल पोर. पाणी दिसले की ते खिदळायचे.

थंडीचे दिवस आले आणि कोठीतले धान्य तळाला गेले. साहेबांनी मुंबईला कळवले. काही दिवसांनी मिशनचे वरिष्ठ, व्हिटलो साहेब, स्वतः आले. बरोबर एक फोटोग्राफर होता. औषधांनी त्याची बोटे काळी पडली होती. त्याने चिंचेखाली काळा तंबू ठोकला आणि तिपाईवर पेटी उभी केली. आमची पोरे सकाळीच न्हाऊन, धुतलेले सदरे घालून रांगेत उभी होती. मडमबाई आत मोठ्या मुलींचे केस विंचरत होत्या. पाहुण्यांना गाणे म्हणून दाखवायचे होते ना!

व्हिटलो साहेबांनी रांगेवरून नजर फिरवली. दोघे साहेब आपल्या भाषेत बोलू लागले. ती माझी जन्मभाषा, त्यामुळे मला शब्द न शब्द कळला.

"केलॉक, ही मुले दुष्काळातली वाटत नाहीत."

"उन्हाळ्यात पाहायला हवी होती, साहेब," केलॉक अभिमानाने म्हणाले.

"तेव्हाची तसबीर आहे तुमच्याकडे?"

"नाही."

"मग ती आज काढू. गुबगुबीत पोरे पाहून आपल्याकडचे लोक खिशात हात घालत नाहीत."

केलॉक साहेब हळूच म्हणाले, "पण ते खोटे होईल."

"खोटे? ही उपाशी नव्हती? यांच्या अंगावर माती नव्हती? जे होते तेच दाखवायचे आहे. तुमच्या कोठीत काय उरले आहे, सांगा बरे."

केलॉक साहेबांनी कोठीकडे एकदा पाहिले आणि टब बाहेर आणायला सांगितले.

मला ओढत अंगणात आणले. बागेतली माती टाकली, चुलीतली राख टाकली, वर पाणी ओतले. साहेबांनी गोदूबाईला ते कालवायला सांगितले.

"कशापायी, सायेब?"

शास्त्रीबुवांनी शिकवलेल्या मराठीत साहेबांना याचे उत्तर सापडेना. "तसबिरीसाठी," ते म्हणाले. "मुले... पूर्वीसारखी दिसावयास हवीत."

गोदूबाईने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "म्या न्हाई," ती म्हणाली आणि हात मागे बांधून उभी राहिली.

तेव्हा केलॉक साहेबांनी स्वतः कोट काढला, बाह्या वर केल्या आणि माझ्यात हात घातले. उन्हाळ्यापासून ज्यांनी मला बोट लावले नव्हते, ते आता कोपरापर्यंत माझ्यात होते. मित्रांनो, पू, उवा, शेण, सगळे मी पोटात घेतले होते. पण तो राखेचा गिलावा माझ्या तळाशी गोल फिरू लागला, तेव्हा मला वाटले की माझा पत्रा आतून सोलून निघावा.

लहान पोरांचे सदरे काढले. त्यांच्या अंगाला चिखल फासला, केसांत राख भरली. धाकूला वाटले धुळवडच आहे. तो टाळ्या पिटून शेजारच्या पोराला माखू लागला. व्हिटलो साहेब त्याच्यावर मोठ्याने ओरडले. धाकूला शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला. त्याचे हसू जागच्या जागी मेले. हातात भाकरीचा तुकडा देऊन त्याला जमिनीवर बसवले, आणि भीतीने तो इतका निश्चल बसला की फोटोग्राफर खूश झाला. "आता हलू नको, बाळ. असाच राहा," असे म्हणत त्याने तसबीर उमटायची काच पेटीत सरकवली.

एवढ्यात मडमबाई मुलींना घेऊन बाहेर आल्या. व्हिटलो साहेबांनी शेवंतीकडे बोट केले. "ही मोठी मुलगी मधोमध हवी. केस मात्र काढा. कात्री कुठे आहे?"

कात्री दिसताच शेवंतीला सगळे कळले. तिने दोन्ही हातांनी डोके झाकले आणि ती मागे सरकू लागली. "म्या न्हाले हाय," ती म्हणाली. कोणी ऐकत नाही असे वाटून पुन्हा म्हणाली, "बाई, म्या सकाळीच न्हाले हाय!"

मडमबाईंनी चिखलाने लडबडलेला धाकू पाहिला. मला पाहिले. मग नवऱ्याचे कोपरापर्यंत बरबटलेले हात पाहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटले, आता ओकणार.

"कुनी कालवलं ह्ये?" त्यांनी विचारले. नवऱ्याशी त्या मराठीत बोलल्या, हे मी पहिल्यांदा ऐकले.

साहेबांनी हात पाठीमागे नेले.

"पोरीला हात लावायचा न्हाई. कुनीच न्हाई."

"काय म्हणतात या?" व्हिटलो साहेबांनी विचारले.

"ती नको म्हणते आहे," केलॉक साहेब पुटपुटले.

मडमबाई पुढे आल्या, माझी एक कडी दोन्ही हातांनी धरली आणि सगळा जोर लावून मला उलथे केले. चिखलाचा लोट अंगणभर गेला, व्हिटलो साहेबांच्या चकचकीत बुटांवरून, तंबूच्या कनातीखालून. फोटोग्राफर आपल्या बाटल्या उचलत पळाला. मडमबाईंनी कोणाची वाट पाहिली नाही. गोदूबाईने विहिरीचे पाणी शेंदले, शेवंतीने कळशी धरली, आणि मला सरळ करून तिथेच, सगळ्यांच्या देखत, आधी धाकूला धुतले.

पण एक काच आधीच तयार झाली होती. ती घेऊन पाहुणे दुपारच्या गाडीने गेले.

त्यानंतर बरेच दिवस केलॉक साहेब आणि मडमबाई एका मेजावर जेवत, पण एकमेकांशी बोलत नसत. साहेब मात्र विहिरीवर जाऊन पुन्हा पुन्हा हात धूत. आणि खरे सांगायचे तर त्या तसबिरीने काम केले. उन्हाळ्याच्या तोंडाला तांदळाची पोती आली, कपड्यांच्या पेट्या आल्या. एका पेटीत विलायतेत वाटलेले छापील कागद निघाले. त्यावर ते चित्र होते.

धाकूने ते उचलून निरखून पाहिले. "आक्का, ह्यो कोन?" त्याने शेवंतीला विचारले. "लई वंगाळ दिसतंय बिचारं. त्याला द्या की आपल्यातलं."

शेवंतीने कागद काढून घेतला आणि चुलीत घातला. त्या दिवशी ती जेवायला बसेना. गोदूबाईने ताट तिच्यापुढे सरकवले. "खा गं. दाना कुनाचा बी असू दे, शेतात पिकलाय. त्याच्यावर राग धरू नगंस." शेवंतीने ताट जवळ ओढले. मग जेवली.

पुढे मिशनने केलॉक पतिपत्नींना दूर कुठे तरी पाठवले. मुलांचे घर ठाण्याला नेले, मीही गेलो. पोरे मोठी होऊन पांगली. माझा मुलामा उडाला, तळाला गंज चढला, आणि मला टेंभी नाक्याजवळच्या एका घोड्यांच्या पागेत देऊन टाकले. आता तळाला भोक पडले आहे, त्यामुळे घोडेही तोंड लावत नाहीत.

मला कोणी जपले नाही, याबद्दल माझी तक्रार नाही, मित्रांनो. पत्रा आहे, गंजणारच. माझे मागणे निराळे आहे. कधी तरी तुमच्या दारात कोणी उपाशी मूल उभे राहील. कदाचित ते न्हालेले असेल, केस विंचरलेले असतील, हसतही असेल. तरी त्याच्या हातावर भाकरी ठेवा. त्याची भूक खरी वाटावी म्हणून त्याच्या अंगाला माती फासू नका.